मु. पो. अमळनेर : तत्त्वज्ञान मंदिराची वाटचाल

कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचं 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम' हे पुस्तक १९३० साली निघालं. विसाव्या शतकात भारतात लिहिल्या गेलेल्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ते वरच्या रांगेत धरलं जातं, आणि अवघडपणात तर पहिल्याच. लेखक बंगालचे, भाषा इंग्रजी, झटापट कांटशी आणि वेदान्ताशी. प्रकाशनाचं ठिकाण मात्र ना कलकत्ता, ना लंडन. ते आहे अमळनेर.

अमळनेर म्हणजे तेव्हाच्या पूर्व खानदेशातलं, बोरी नदीच्या काठचं, सुरत-भुसावळ रेल्वेवरचं तालुक्याचं गाव. गावात सखाराम महाराजांची वाडी, वैशाखातली यात्रा, कापसाचा व्यापार आणि प्रताप मिल. विद्यापीठ तर सोडाच, साधं कॉलेजही १९४५ पर्यंत नव्हतं. तरी जग खरं की भास, आणि आपण जे खरं धरून चालतो ते कशाच्या जोरावर, या प्रश्नांसाठी माणसं पगार देऊन ठेवावीत असं या गावातल्या गिरणीमालकाच्या मनात आलं. नुसतं मनात आलं नाही, तर काही दशकं ते चाललं.

श्रीमंत मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ हे ते गृहस्थ. मुंबईचे शेठ वल्लभदास यांच्या साथीने त्यांनी १९१६ साली संस्था काढली. इंग्रजीत 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी', गावाच्या तोंडी 'तत्त्वज्ञान मंदिर'. काळही असा होता की महाराष्ट्रात गीता आणि वेदान्त हे वर्तमानपत्री वादाचे विषय होते. टिळकांचं 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं होतं आणि शंकराचार्यांचा संन्यासमार्ग बरोबर की टिळकांचा कर्मयोग, यावर शास्त्रीमंडळींपासून वकिलांपर्यंत सगळे हिरीरीने बोलत होते. वाईला नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा चालू होती. पुण्यात १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं. पण या सगळ्यांत अमळनेरचं काम वेगळं होतं. जुन्या ग्रंथात नेमकं काय लिहिलं आहे हे ठरवायला भांडारकर संस्था होती; लिहिलं आहे ते खरं आहे का, हे विचारायची सोय अमळनेरला झाली.

श्रीमंतांनी शाळा काढावी, धर्मशाळा बांधावी, हे आपल्याकडे सर्वांना समजतं. चारपाच पदवीधरांना राहायला जागा आणि महिन्याला वेतन द्यायचं, आणि त्यांनी फक्त वाचायचं, वाद घालायचा, लिहायचं, हा खर्च मात्र आजही कुठल्या विश्वस्त मंडळाला पटवून देणं कठीण आहे. प्रतापशेठ यांना तो पटला होता, त्याचं कारण त्यांचा ओढा शांकर अद्वैताकडे, म्हणजे ब्रह्म तेवढं सत्य आणि जग मिथ्या या मताकडे होता. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकलेल्या तरुणांनी अद्वैत नव्या भाषेत मांडावं, आधुनिक माणसाच्या बुद्धीला पटेल असं सिद्ध करावं, ही अपेक्षा.

गिरणीतल्या कापडाच्या नफ्यावर जग मिथ्या असल्याचं सिद्ध करायचं, यातली गंमत कोणाच्याही लक्षात येईल. पण ती फार ताणण्यात अर्थ नाही, कारण अद्वैत्याचं उत्तर तयार असतं. दोरीवर दिसलेला साप ही प्रातिभासिक सत्ता. दोरी, गिरणी, कापड, पगार ही व्यावहारिक. ब्रह्म तेवढं पारमार्थिक. व्यवहारात पगार हा पगारच असतो आणि तो एक तारखेलाच व्हावा लागतो. खरी अडचण दुसरीच होती. निष्कर्ष आधी ठरला आहे आणि त्याच्यासाठी पुरावे गोळा करायचे आहेत, असं जिथे असतं तिथे तत्त्वज्ञान होत नाही. निकाल लिहून ठेवून साक्षी घेणाऱ्या कोर्टासारखं ते होतं. अमळनेरचं तसंच व्हायला हवं होतं. झालं नाही, आणि ते का झालं नाही हीच या संस्थेची खरी कहाणी आहे.

एक कारण आपल्या शास्त्रपद्धतीतच होतं. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडता येत नाही, आणि पूर्वपक्ष लेचापेचा असेल तर सिद्धान्ताचीच नाचक्की होते. दुसरं कारण म्हणजे मंदिरात आलेली माणसं. त्यांना पगार शेठजींचा होता, मतं आपापली होती.

पहिल्या काही वर्षांत आलेल्यांपैकी एकाला मात्र हे काम मानवलं नाही. पांडुरंग सदाशिव साने एम. ए. च्या सुमारास तत्त्वज्ञान मंदिरात आले, आणि १९२४ मध्ये ते सोडून गावातल्याच शाळेत शिक्षक झाले. छात्रालय सांभाळलं, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवलं, १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. ब्रह्म सत्य की जग सत्य, या चर्चेपेक्षा तापाने फणफणलेला विद्यार्थी त्यांना जास्त खरा वाटला असणार. अमळनेरने साने गुरुजींना डोक्यावर घेतलं ते योग्यच झालं. मंदिरात मागे राहिलेल्या माणसांची नावं मात्र गावाच्या कानावरही फारशी उरली नाहीत.

मागे राहिले त्यांत मुख्य घनश्यामदास रतनमल मलकानी. सिंधचे. १८९२ चा जन्म. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी अमळनेरला काढला. संचालक तेच, मंदिराच्या इंग्रजी त्रैमासिकाचे संपादकही तेच. अद्वैतावर त्यांची निष्ठा पूर्ण होती, पण ती भाविकाची नव्हती, वादपटूची होती. रासबिहारी दास बंगालचे. त्यांची वृत्ती शंका घेण्याची. पुढे त्यांनी स्वतःच्या वैचारिक प्रवासावर जो निबंध लिहिला त्याच्या नावातच शंका आणि विश्वास या दोन्ही वाटांनी सत्याचा माग काढण्याची गोष्ट आहे. तिसरे टी. आर. व्ही. मूर्ती, दाक्षिणात्य, संस्कृतात मुरलेले, वयाने सर्वांत लहान. या तिघांनी मिळून १९३३ मध्ये 'अज्ञान' नावाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. मिळून म्हणायचं, पण तिघांचे तीन स्वतंत्र भाग आहेत आणि शेवटी एकमताचा ठराव नाही. एका संस्थेच्या तीन माणसांनी एकाच प्रश्नावर तीन बाजूंनी लिहावं आणि संस्थेने ते तसंच छापून द्यावं, असा प्रकार आपल्याकडे विरळाच.

प्रश्न वरवर पाहता साधा आहे. कोणी विचारलं, पलीकडच्या गल्लीत नवीन बिऱ्हाड आलंय त्यांचं आडनाव काय? मी म्हणतो, मला माहीत नाही. आता हे 'माहीत नाही' मला कसं माहीत झालं?

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित, म्हणतो, त्यात काय, अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव. जमिनीवर घडा नाही हे जसं कळतं तसंच मनात ते ज्ञान नाही हे कळतं. अद्वैती इथे त्याचा हात धरतो. कुठलाही अभाव कळायला दोन गोष्टी आधी ठाऊक असाव्या लागतात: नाही ते कुठे, आणि नाही ते काय. ज्याने जन्मात घडा पाहिला नाही त्याला 'इथे घडा नाही' असं म्हणताच येणार नाही. मग 'त्या आडनावाचं ज्ञान माझ्यात नाही' हे कळायला ते ज्ञान काय आहे हे मला आधी कळायला हवं. आणि ते कळलं असेल तर अज्ञान राहिलं कुठे?

नैयायिक सावरतो. आडनाव असं काहीतरी आहे, हे मला सामान्यपणे ठाऊक आहे. विशेष तेवढं ठाऊक नाही. अद्वैती सोडत नाही: सामान्य ठाऊक आहे म्हणता, तर त्याचं अज्ञान नाही. विशेष ठाऊक नाही म्हणता, तर त्याचा अभाव तुम्ही ओळखला कशावरून? तेव्हा अज्ञान हा नुसता अभाव नव्हे. ते काहीतरी आहे, भावरूप आहे, झाकून टाकणारं आहे, आणि साक्षी चैतन्याला ते थेट दिसतं. याला जोड म्हणून गाढ झोपेचा दाखला येतो. उठल्यावर माणूस म्हणतो, मस्त झोप लागली, काही म्हणजे काही कळलं नाही. ही आठवण आहे. आठवण अनुभवाशिवाय होत नाही. म्हणजे झोपेत 'काही न कळणं' अनुभवाला येत होतं, आणि ते अनुभवणारा कोणीतरी जागा होता.

यावर शंकेखोर माणूस म्हणेल की ही आठवण नव्हेच, हे अनुमान आहे. दहाला आडवा झालो, आता सहा वाजलेत, मधलं काही आठवत नाही, त्या अर्थी काही कळलं नसणार. शिवाय हे भावरूप अज्ञान राहतं कोणाच्या आश्रयाने? जीवाच्या म्हणावं, तर जीव हाच अज्ञानाचा परिणाम. ब्रह्माच्या म्हणावं, तर ज्ञानस्वरूप ब्रह्मालाच अज्ञान जडलं. अद्वैताच्या दोन जुन्या शाखा, भामती आणि विवरण, याच मुद्द्यावर फुटल्या. वाचस्पतिमिश्रांची भामती जीवाचा पक्ष घेते, विवरण ब्रह्माचा.

मला स्वतःला आडनावाचा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण फक्त त्याच्या पहिल्या पायरीपर्यंत. न कळणं ही नुसती पोकळी नाही, तिचाही अनुभव असतो, इथवर अद्वैती आपल्याला खेचून नेतो. तिथून पुढे हे सगळं विश्व, तारे, डोंगर, गिरणी, त्या न कळण्यातूनच उभं राहिलं आहे, ही उडी मात्र फार लांबची आहे. शेजाऱ्याचं आडनाव माहीत नसणं आणि जगाचं उपादानकारण यांना जोडणारा पूल तर्काने बांधता येतो का, की तिथे श्रुतीचा, म्हणजे वेदवचनाचा, हात धरावाच लागतो? मलकानी आणि दास यांच्यातली खरी रस्सीखेच मला इथे दिसते. मूर्ती या झगड्यातून आणखी तिसरीकडे गेले. सगळे पक्ष आपल्याच भाराने कोसळतात हे दाखवायची नागार्जुनाच्या माध्यमिक बौद्धांची, म्हणजे शून्यवाद्यांची, रीत त्यांना जवळची वाटली, आणि १९५५ मध्ये त्यांचा 'द सेंट्रल फिलॉसॉफी ऑफ बुद्धिझम' हा ग्रंथ आला. नागार्जुनावर काम करणाऱ्याला आजही तो ओलांडून जाता येत नाही. अद्वैत सिद्ध करण्यासाठी काढलेल्या घरातून शून्यवादाचा असा मोठा भाष्यकार बाहेर पडला, हे प्रतापशेठ यांच्या देणगीचं अनपेक्षित व्याज.

'अज्ञान' निघालं त्याच वर्षी, १९३३ मध्ये, स्वतः कृष्णचंद्र भट्टाचार्य संचालक म्हणून अमळनेरला आले आणि १९३५ पर्यंत राहिले. बंगालच्या सरकारी कॉलेजांतून उभी हयात शिकवण्यात गेलेला, कमी लिहिणारा आणि लिहिलेलं आणखी कमी जणांना कळणारा हा माणूस. 'विचारांतलं स्वराज्य' या विषयावरचं त्यांचं विद्यार्थ्यांपुढचं भाषण त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं आणि आज तेच सर्वाधिक वाचलं जातं. पण अमळनेरच्या मुक्कामातला त्यांचा महत्त्वाचा लेख १९३४ चा, केवलाच्या, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'अ‍ॅब्सोल्यूट' म्हणतात त्याच्या, पर्यायी रूपांविषयीचा. त्यात ते म्हणतात की जाणणं, इच्छिणं आणि भावणं या जाणिवेच्या तीन वाटा तीन वेगवेगळ्या टोकांना नेतात: सत्याकडे, स्वातंत्र्याकडे, मूल्याकडे. प्रत्येक टोक आपापल्या वाटेवर अखेरचं आहे. तिन्हींची मोळी बांधून एक केवल तयार होत नाही, आणि एक स्वीकारलं म्हणून बाकीची दोन खोटीही ठरत नाहीत. अद्वैत, शून्यवाद आणि हेगेल यांना त्यांनी या तीन वाटांवर बसवून दाखवलं.

अद्वैताच्या घराचा संचालक त्या घराच्याच नियतकालिकात लिहितो की अंतिम सत् एकच प्रकारचं असलं पाहिजे असं नाही. कृष्णचंद्रांनी आधी जैनांच्या अनेकान्तावर लिहिलं होतं, त्याची छाया इथे स्पष्ट आहे. या लेखामुळे त्यांना कोणी जाब विचारला असं दिसत नाही. ते अमळनेरहून गेले ते थेट कलकत्ता विद्यापीठातल्या पंचम जॉर्ज अध्यासनावर.

ते नियतकालिक म्हणजे 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली'. १९२५ मध्ये भारतीय तत्त्वज्ञान परिषद भरू लागली, त्याच वर्षी हेही सुरू झालं. याच नावाचं एक प्रतिष्ठित त्रैमासिक स्कॉटलंडमधूनही निघतं, आणि हल्ली नाव घेतलं की विद्यार्थ्यांना तेच आठवतं. ते १९५० चं. अमळनेरचं पाव शतक आधीचं. देशातली तत्त्वज्ञानाची प्राध्यापक मंडळी त्यात लिहीत, मलकानी लेख छापत आणि बऱ्याचदा पुढच्या अंकात स्वतःच त्यावर तुटून पडत. सौम्य समीक्षेची त्यांना फारशी आवड नव्हती. त्यामुळे जुन्या अंकांत आजच्या संशोधनपत्रिकांत सापडत नाही अशी एक खणखण आहे: लेखक एकमेकांचं वाचत होते आणि एकमेकांना खोडत होते.

स्वातंत्र्यानंतर ओहोटी लागली. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे विभाग वाढले, चांगल्या माणसाला खानदेशातल्या गावी येऊन राहण्याचं कारण उरलं नाही. दास कलकत्ता, सागर असे शिकवत राहिले, मूर्ती बनारसला स्थिरावले. प्रश्नही बदलले. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्रभावाखालच्या नव्या प्राध्यापकांना 'सत्' काय आहे यापेक्षा 'आहे' असं म्हणताना आपण काय करतो हे तपासण्यात रस होता. मलकानी जागचे हलले नाहीत. 'वेदान्तिक एपिस्टेमॉलॉजी' १९५३ मध्ये आणि 'मेटाफिजिक्स ऑफ अद्वैत वेदान्त' १९६१ मध्ये, दोन्ही त्यांनी त्याच निष्ठेने लिहिली. साठच्या दशकात त्रैमासिक थांबलं. एका माणसाच्या चिकाटीवर उभं असलेलं काम त्याच्या वयाबरोबर थकतं, इतकंच.

पुढचं पर्व पुणे विद्यापीठाचं. संस्थेचं 'प्रताप सेंटर ऑफ फिलॉसॉफी' झालं आणि सुरेंद्र बारलिंगे यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९७३ पासून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' नव्या मालिकेत निघू लागलं. त्याच्या मुखपृष्ठावर पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाबरोबर अमळनेरचं नाव कित्येक वर्षं छापलं जात होतं. बारलिंगे मूळचे नागपूरकडचे, संस्थाबांधणीत पटाईत. त्यांच्याच वर्तुळातून 'परामर्श' हे नियतकालिक निघालं आणि तत्त्वज्ञानातला काटेकोर वाद मराठीत घालायची सोय झाली. अमळनेरने आपल्या ऐन भरात जे केलं नाही ते हे. मंदिरातलं नावाजलेलं लेखन जवळपास सगळं इंग्रजीत आहे. त्या काळच्या अखिल भारतीय चर्चेला दुसरी भाषा नव्हती हे खरं, सिंधी आणि बंगाली माणसांनी मराठीत लिहावं असंही कोणी म्हणणार नाही. पण खानदेशच्या शाळामास्तराला शेजारच्या इमारतीत काय चाललंय याचा पत्ता लागू नये, याची खंत वाटतेच.

अमळनेरच्या थेट वंशातला नसला तरी त्याच जातीचा एक प्रयोग पुण्यात जुलै १९८३ मध्ये झाला. 'नवभारत'चे संपादक मे. पुं. रेगे आणि जयपूरचे दयाकृष्ण यांनी पारंपरिक पंडित आणि इंग्रजीत शिकलेले तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवलं. विषय रसेलचा: विधान म्हणून जे काही म्हटलं जातं, जे वाक्यही नाही, ज्ञानही नाही आणि जगातली वस्तूही नाही, असं काही खरोखर असतं का? नैयायिकांना हा चौथा पाहुणा कशाला हवा तेच कळेना, आणि त्यांच्या उलटतपासणीने रसेल शिकवणाऱ्यांनाही नव्याने विचार करावा लागला. पुढच्या वर्षांत याच संवादांच्या ओघात बनारसचे वृद्ध नैयायिक बदरीनाथ शुक्ल यांनी मांडणी केली की वेगळा आत्मा न मानताही न्यायदर्शन उभं राहू शकेल, शरीर आणि मन यांवर काम भागेल. आयुष्यभर आत्म्याची सिद्धी शिकवलेल्या पंडिताने हे संस्कृतात म्हणावं! अमळनेरच्या तिघांना हे ऐकायला हवं होतं.

१९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आता त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, आणि अमळनेरचं तत्त्वज्ञान केंद्र त्या विद्यापीठाकडे आलं. तिथे पदव्युत्तर शिक्षण चालतं. गाव बाहेरच्यांना दुसऱ्याच कारणांनी माहीत असतं. डिसेंबर १९४५ मध्ये इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली, आणि तेव्हाचे शेअर जपून ठेवणाऱ्यांच्या कथा जळगाव जिल्ह्यात अजून रंगवून सांगितल्या जातात. १९५२ नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, साने गुरुजींच्या नावाचा तिथे सतत उच्चार झाला.

मंदिराच्या जुन्या कामाकडे लक्ष गेलं ते अमेरिकेतून. नलिनी भूषण आणि जे गारफील्ड या दोन प्राध्यापकांनी २०११ मध्ये वसाहतकाळातल्या इंग्रजी भारतीय तत्त्वज्ञानाचा निवडक संग्रह काढला, आणि २०१७ मध्ये 'माइंड्स विदाउट फिअर' या ग्रंथात 'अज्ञान'मधल्या त्या त्रिपक्षी वादाला सविस्तर जागा दिली. गुलामगिरीच्या काळात भारतात स्वतंत्र तत्त्वचिंतन झालंच नाही, या समजाला त्यांनी अमळनेरचा दाखला देऊन उत्तर दिलं. वादात त्यांनी मध्यस्थी केली नाही. बाजू तपासल्या, तोलल्या, चौथ्या भिडूसारखे उतरले. दासांची शंका पुढे नेणारा किंवा मलकानींच्या बाजूने तिला उत्तर देणारा असा मराठी लेख अजून माझ्या वाचनात आलेला नाही.